पांढरी पावडर आणि गोव्याची हवा: सॉलिड बेस कॅटलिस्टने अल्डिहाइड कंडेन्सेशन पहिल्यांदा करताना

प्रोजेक्टवाली पोरं मला दर वर्षी साधारण एकाच वेळी फोन करतात, जुलैच्या दुसऱ्या तिसऱ्या आठवड्यात, आणि तक्रार पण एकच असते, "सर, पेपरमधे ९० टक्के लिहिलंय, आमची रिॲक्शन हलतच नाही." रिॲक्शन म्हणजे अल्डिहाइडचं कंडेन्सेशन, आणि कॅटलिस्ट म्हणजे तिला वेग देणारी घन बेसची पांढरी पावडर. मी आधी रिॲक्शनचं काही विचारतच नाही. विचारतो, कॅटलिस्टची बाटली कुठं ठेवलीय? उत्तर ठरलेलं, कपाटात ठेवलीय सर, झाकण घट्ट आहे. कधी भाजला होता? दोन आठवडे झाले. झालं मग, त्या बाटलीत आता कॅटलिस्ट नाही, पांढरी माती आहे.

हे मी शहाणपणाने नाही सांगत, मी पण असाच शिकलोय. वेर्ण्याला नोकरीला लागलो तेव्हा पहिल्या पावसाळ्यात पूर्ण एक महिना मी रिॲक्शनचं टेंपरेचर वाढव, सॉल्व्हंट बदल, कॅटलिस्ट दुप्पट टाक असं करत बसलो होतो आणि दोष होता फक्त हवेचा. म्हणून जे पहिल्यांदा हे काम करणार आहेत, एमएस्सीचा प्रोजेक्ट असेल किंवा नवीन नोकरी असेल, त्यांच्यासाठी सगळं ओळीने लिहितोय. रिॲक्शनपेक्षा पावडर बनवणं आणि सांभाळणं यावरच जास्त लिहिणार, कारण निम्मी पोरं तिथेच अडकतात.

आधी थोडक्यात, हे चाललंय काय

अल्डिहाइडच्या कार्बोनिलला (कार्बन-ऑक्सिजनचा डबल बाँड) लागून जो कार्बन असतो त्याच्यावरचा हायड्रोजन जरा ढिला असतो. बेस तो उचलून घेतो, मागे जो ऋण भाराचा तुकडा राहतो तो एनोलेट, तो दुसऱ्या रेणूच्या कार्बोनिलवर जाऊन चिकटतो आणि बहुतेक वेळा नंतर पाण्याचा एक रेणू बाहेर पडून डबल बाँड तयार होतो. हेच अल्डॉल कंडेन्सेशन. १८७२ मधे वुर्ट्झने याला अल्डॉल हे नाव दिलं, आणि त्याच सुमारास रशियात बोरोदिन पण यावरच काम करत होता, तोच बोरोदिन जो संगीतकार म्हणून जास्त ओळखला जातो. बेन्झाल्डिहाइडसारख्याला असा ढिला हायड्रोजन नसतोच, त्यामुळे तो फक्त दुसऱ्याचा मार खातो, म्हणजे एनोलेट समोरच्याने बनवायचा. नवख्या माणसाला हे फार सोयीचं, कारण उत्पादनं कमी मिळतात. समोरचा जर कीटोन असेल तर क्लेझन-श्मिट म्हणायचं, आणि दोन बाजूंनी ओढणारे ग्रुप असलेला सायनोॲसिटेटसारखा असेल तर क्नोव्हेनागेल.

कारखान्यात हे बहुतेक वेळा कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात करतात. ब्युटानालपासून २-इथाइलहेक्सेनाल, त्याला हायड्रोजन देऊन २-इथाइलहेक्सॅनॉल, आणि त्यापासून पीव्हीसी मऊ करणारं डीओपी, म्हणजे रेक्झिनच्या सीटपर्यंत ही रिॲक्शन पोचलेली आहे. पण कॉस्टिक वापरलं की शेवटी ॲसिडने मारायचं, खारं पाणी निघणार, ते ईटीपीला, म्हणजे सांडपाणी साफ करायच्या प्लांटला, जाणार आणि ईटीपीवाला तुमच्या नावाने बोटं मोडणार. बेस घन असेल तर गाळला आणि बाजूला काढला. सगळा उपद्व्याप त्यासाठी.

पायरी १: कुठली पावडर घ्यायची

नावं खूप आहेत, मॅग्नेशियम ऑक्साइड, कॅल्शियम ऑक्साइड, हायड्रोटॅल्साइट, ॲल्युमिनावर बसवलेला पोटॅशियम फ्लोराइड, सीझियम घातलेले झिओलाइट, अमाइन लावलेली सिलिका, आयन एक्स्चेंज रेझिन. पेपर वाचायला बसलात तर सहा महिने जातील. मी सांगतो एक करा, ज्याचा हायड्रोजन उचलायचाय तो किती ढिला आहे ते बघा. हे पीकेएवरून कळतं, आकडा जितका लहान तितका हायड्रोजन ढिला. इथाइल सायनोॲसिटेटचा पीकेए ११ च्या आसपास, त्याला अमाइन लावलेली सिलिका पण पुरते. ॲसिटोन, ॲसिटोफिनोन १९-२० च्या घरात, तिथं अमाइन सहसा दमतं, तिथं ऑक्साइडच पाहिजे. रेझिन साधारण ६० अंशांच्या वर नेऊ नका, त्याचे ग्रुप तुटतात आणि माशासारखा वास सुटतो. सीझियम महाग आहे, पहिल्या प्रोजेक्टला नको.

नवख्यांनी दोनच घ्यावेत, एक हायड्रोटॅल्साइट आणि दुसरा घरचा चुना. बाकीचे नंतर.

पायरी २: हायड्रोटॅल्साइट बनवणं

हे मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियमचं थरांचं हायड्रॉक्साइड आहे, पापडाची चळत डोळ्यासमोर आणा, पापड म्हणजे धातूचे थर आणि मधे मधे कार्बोनेट आणि पाणी. निसर्गात खनिज म्हणून सापडतं, ॲसिडिटीच्या गोळ्यांत पण असतं. पण कंडेन्सेशनला तसंच्या तसं फारसं कामाचं नाही, भाजावं लागतं.

मॅग्नेशियम नायट्रेट हेक्साहायड्रेट ३८.५ ग्राम आणि ॲल्युमिनियम नायट्रेट नोनाहायड्रेट १८.८ ग्राम, दोन्ही २०० मिली डिस्टिल्ड पाण्यात एकत्र विरघळवा. हे मोलमधे ३ ला १ होतं. दुसऱ्या बीकरमधे कॉस्टिक सोडा १७.५ ग्राम आणि सोडियम कार्बोनेट ५.३ ग्राम २०० मिली पाण्यात. कॉस्टिक विरघळताना बीकर चांगलाच तापतो, चष्मा आणि हातमोजे घालूनच. मॅग्नेशियम नायट्रेटचा डबा पावसात उघडला की अर्ध्या तासात चिकचिक होतो, आणि वजन करताना तुम्ही पाणी पण मोजता, तेव्हा डबा उघडा, पटकन घ्या, बंद करा. इथे चुकलात की ३ ला १ च्या जागी २.७ ला १ होतं आणि तुम्हाला कधी कळत पण नाही.

आता तिसऱ्या मोठ्या बीकरमधे १०० मिली पाणी, ६० अंशांवर, जोरात ढवळत, आणि त्यात दोन्ही सोल्युशन थेंब थेंब एकाच वेळी, पीएच १० च्या आसपास धरून. तासभर तरी लागला पाहिजे. पोरं कंटाळून शेवटचं पन्नास मिली एकदम ओततात, ते करू नका, पीएच उडी मारतो आणि थर नीट लागत नाहीत. सगळं टाकून झालं की ६५ अंशांवर रात्रभर, १६ ते १८ तास, ढवळत ठेवा.

मग धुणं. हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं. सोडियम राहिलं तर पुढे जी रिॲक्शन चालेल ती तुमच्या हायड्रोटॅल्साइटने नाही, उरलेल्या सोडियमने चालेल, आणि तुम्ही आनंदाने थिसिसमधे लिहाल की आमचा कॅटलिस्ट भारी आहे. गाळायला व्हॉटमन १ घेतलात तर बारीक पावडर एक तर आरपार जाते नाही तर कागद चोंदवते, त्यापेक्षा सेंट्रिफ्यूज असेल तर तो वापरा, नसेल तर बसू द्या, वरचं पाणी ओतून टाका, परत गरम पाणी, परत बसू द्या. धुतलेल्या पाण्याचा पीएच ७ च्या जवळ येईपर्यंत. मला सात आठ वेळा धुवावं लागतं. कंडक्टिव्हिटी मीटर असेल तर अजून चांगलं, आकडा खाली येऊन स्थिरावला की थांबा.

रात्रभर १०० अंशांवर ओव्हनमधे सुकवा, खलात कुटा, चाळा. हिशोबाने १५ ग्रामच्या आसपास मिळायला हवं. २० मिळालं तर ओलं आहे, १० मिळालं तर धुताना सिंकमधे गेलंय. एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिक तपासणं) काढता आला तर ११.३ अंशांच्या जवळ पहिला उंच पीक दिसतो, थरांमधलं अंतर ७.८ ॲंगस्ट्रॉम म्हणजे कार्बोनेटवालं बरोबर बनलं. एक्सआरडी आपल्याकडे नसेल तर ताळगाव पठारावर विद्यापीठात किंवा जुवारीनगरला बिट्समधे कुणाची ओळख काढायची, गोव्यात कोण ना कोण कुणाचा तरी भाचा असतोच.

पायरी ३: भाजणं

मफल फर्नेस (लॅबची विजेची भट्टी), ४५० अंश, मिनिटाला ५ अंश चढवत, वर पोचल्यावर ५ तास. पाणी आणि कार्बोनेटमधला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, थर कोसळतात आणि मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमचं मिश्र ऑक्साइड राहतं, एका ग्रामला साधारण २०० चौरस मीटर पृष्ठभाग. वजन ४३ टक्क्यांच्या आसपास उतरतं, १५ ग्रामचे साडेआठ. मशीन नसलेल्या माणसाला हा वजनाचा हिशोब सोन्यासारखा आहे, फक्त २५ टक्केच उतरलं तर भाजणं झालंच नाही. भाजताना तपकिरी धूर दिसला तर समजायचं नायट्रेट नीट धुतलं गेलं नाही.

४५० च्या जागी ७०० करू का, जास्त भाजलं तर जास्त चांगलं ना, असं विचारतात. नाही. फार वर गेलात की स्पिनेल (घट्ट बांधणीचं वेगळं ऑक्साइड) बनायला लागतं, पृष्ठभाग कमी होतो, मग परत काही येत नाही.

आणि लाईटचं बघा. रात्रभर भाजायला ठेवून घरी जायचं आणि पावसात रात्री दोनला लाईट जाणार, हे आपल्याकडे नवीन नाही. माझं एकदा असंच झालं, सकाळी आलो तर फर्नेस थंड, दार किंचित फटीत, क्रुसिबलमधे छान पांढरी पावडर. मी वापरली. काही म्हणजे काही झालं नाही. तेव्हापासून दिवसा भाजतो आणि पावडर बाहेर काढताना फर्नेस २०० च्या वर असतो.

पायरी ४: सांभाळणं, इथे सगळे मरतात

भाजलेल्या ऑक्साइडला दोन गोष्टींची भूक असते, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर, हवा अशी की मीठ पाझरतं आणि चपला बुरशी धरतात, तिथं ही पावडर उघडी ठेवणं म्हणजे तिसऱ्यांचा (खायच्या शिंपल्यांचा) वाटा मांजरासमोर ठेवून बाजाराला जाणं. पाणी घेऊन ती हळूहळू परत थरांचं हायड्रॉक्साइड व्हायला लागते, याला मेमरी इफेक्ट म्हणतात, आणि कार्बन डायऑक्साइड पावडरच्या बेसवाल्या कामाच्या जागांवर कार्बोनेट होऊन बसतो. डोळ्याला काहीच दिसत नाही, पांढरं ते पांढरंच.

आता बहुतेक लॅबमधे काय करतात, डेसिकेटरमधे निळी सिलिका जेल ठेवतात आणि निश्चिंत होतात. अहो, सिलिका जेल पाणी घेते, कार्बन डायऑक्साइड अडवत नाही! खाली सोडा लाइम किंवा कॉस्टिक पोटॅशच्या गोळ्यांची वाटी पण ठेवायची. आणि ती सिलिका जेल जुलैत गुलाबी व्हायला वेळ लागत नाही, दर आठवड्याला ओव्हनमधे टाकून परत निळी करा.

मी करतो ते असं. २०० अंशांच्या आसपास क्रुसिबल चिमट्याने काढून सरळ डेसिकेटरमधे, थंड झाली की लगेच छोट्या छोट्या व्हायल भरतो, एका व्हायलमधे एका रिॲक्शनपुरती पावडर, झाकण, पॅराफिल्म, वर तारीख. मोठ्या बाटलीतून दर वेळी चमचा घालून काढायचं नाही. आणि तरीसुद्धा आठवड्याच्या वर ठेवत नाही. त्याहून चांगलं म्हणजे रिॲक्शनच्या दिवशी सकाळी परत ४५० वर दोन तास. फ्लास्कमधेच नायट्रोजनखाली तापवता आलं तर सगळ्यात उत्तम.

एक गंमत पण आहे. हीच भाजलेली पावडर मुद्दाम उकळून थंड केलेल्या पाण्यात, नायट्रोजनखाली, भिजवली तर थर परत लागतात पण मधे कार्बोनेटच्या जागी हायड्रॉक्साइड जातं, आणि ते अल्डॉलला ऑक्साइडपेक्षा पण चांगलं चालतं, कमी तापमानाला. म्हणजे पाणी शत्रूच असं नाही, हवेतून कार्बन डायऑक्साइडसोबत आलेलं पाणी शत्रू. पण हे दुसऱ्या वर्षाचं काम आहे, आधी साधं जमू दे.

घरचा चुना

ज्यांच्याकडे नायट्रेट मागवायला पैसे नाहीत त्यांनी मडगावच्या बाजारातून तिसऱ्या आणा, खा, आणि शिंपल्या ठेवा. शिंपला म्हणजे बहुतेक सगळा कॅल्शियम कार्बोनेट. आपल्या जुन्या घरांच्या भिंतींना शिंपल्यांचाच चुना असायचा, त्यात नवीन काही नाही. उकळून, ब्रशने घासून, खारटपणा जाईपर्यंत धुवून, सुकवून, कुटून ९०० अंशांवर ४ तास. नीट घासल्या नाहीत तर फर्नेस तापताना जो वास सुटतो त्यावरून शेजारच्या लॅबवाले तुमच्याशी बोलायचे बंद होतील. १०० ग्रामचे ५६ राहिले की कळीचा चुना तयार. ६५ राहिले तर परत घाला. पाण्याचा थेंब टाकून बघायचा मोह होतो, टाका पण चिमूटभर पावडरवर आणि चष्मा लावून, तो उसळतो.

याचा पृष्ठभाग फार कमी असतो पण जागा जोरदार असतात. अडचण अशी की हवेत राहून एकदा कार्बोनेट झाला की ४५० अंशांनी काही होत नाही, परत ८०० च्या वर न्यावं लागतं. आणि अल्कोहोलमधे कॅल्शियम थोडं थोडं विरघळतं, म्हणून चुना वापरायचा तर टोल्युईन घ्या किंवा सॉल्व्हंटच नको.

पायरी ५: जोर मोजणं

महागडं मशीन नको. कोरड्या टोल्युईनमधे चिमूटभर पावडर आणि इंडिकेटरचे दोन थेंब. फिनॉल्फ्थॅलिन गुलाबी झालं म्हणजे बेसचा जोर, पीकेएच्या मापात, ९ च्या वर, २,४-डायनायट्रोॲनिलिन पिवळ्याचं जांभळट झालं म्हणजे १५ च्या वर. ताजी भाजलेली पावडर आणि कपाटातली पावडर शेजारी शेजारी ठेवून हे एकदा करून बघा, माझं सगळं वरचं लेक्चर एका मिनिटात पटेल. ही इंडिकेटर विषारी आहेत, हातमोजे.

पायरी ६: पहिली रिॲक्शन

बेन्झाल्डिहाइड आणि इथाइल सायनोॲसिटेट. पुष्कळ लोक मॅलोनोनायट्राइल घेतात कारण ते पटकन होतं. मी म्हणतो म्हणूनच घेऊ नका. एक तर विषारी, त्याचा बेन्झाल्डिहाइडसोबतचा माल डोळ्याला झोंबतो, आणि दुसरं म्हणजे ते इतकं सोपं आहे की कसल्याही पावडरवर, कधी कधी कॅटलिस्टशिवाय पण बरंच पुढे जातं. मॅलोनोनायट्राइलवर ९५ टक्के आले म्हणजे कॅटलिस्ट चांगला असं काहीच सिद्ध होत नाही.

आधी बेन्झाल्डिहाइडची बाटली बघा. तोंडाशी पांढरे खडे दिसतायत? ते बेन्झॉइक ॲसिड, हवेने झालेलं. हिशोब करा, १ मिली बेन्झाल्डिहाइडमधे फक्त १ टक्का ॲसिड असलं तरी ते ०.०९ मिलिमोलच्या आसपास होतं, आणि तुमच्या १०० मिलिग्राम पावडरवरच्या कामाच्या जागा बहुतेक त्याहून कमीच असतात. म्हणजे रिॲक्शन सुरू व्हायच्या आधीच सगळ्या खुर्च्या भरल्या. १० टक्के सोडियम कार्बोनेटच्या पाण्याने हलवा, पाण्याने धुवा, सुकवा, व्हॅक्यूमखाली डिस्टिल करा आणि त्याच दिवशी वापरा. हवेनंतर दुसरा खुनी हाच.

फ्लास्कमधे बेन्झाल्डिहाइड १ मिली, इथाइल सायनोॲसिटेट १.०६ मिली, म्हणजे दोन्ही १० मिलिमोल, इथेनॉल १० मिली, कॅटलिस्ट १०० मिलिग्राम, ६० अंश, ढवळत. इथेनॉलच घ्या, मिथेनॉल नको, बेस असल्यामुळे एस्टरची अदलाबदल होते आणि टीएलसीवर (पातळ थराच्या पट्टीवर पदार्थ वेगळे करून बघायची टेस्ट) एकाच्या जागी दोन ठिपके येतात. दर अर्ध्या तासाने टीएलसी, हेक्झेन-इथाइल ॲसिटेट ८ ला २, यूव्हीखाली. सोबत दुसऱ्या फ्लास्कमधे कॅटलिस्ट न घालता तेच सगळं, हा ब्लँक प्रत्येक वेळी, चुकवायचा नाही.

झालं की गरम असतानाच गाळा, इथेनॉल कमी करा, थंड करा, पांढरे स्फटिक येतात, ५० अंशांच्या आसपास वितळतात. पूर्ण झाली तर २ ग्राम. पावसाळ्यात खोलीतच तेल होऊन बसतं आणि स्फटिक येत नाहीत, तेव्हा बर्फात ठेवून काचकांडीने भिंत खरवडा.

आणि एक गोष्ट, आपल्याला सगळं ॲसिटोनने धुवायची सवय आहे. कॅटलिस्ट ॲसिटोनने धुवू नका! ही पावडर ॲसिटोनचंच कंडेन्सेशन करते, डायॲसिटोन अल्कोहोल आणि मेसिटाइल ऑक्साइड बनतं, आणि मग पुढच्या रनच्या जीसीमधे (गॅस क्रोमॅटोग्राफी, मिश्रणातले पदार्थ वेगळे करून मोजणारं मशीन) हे कुठले पीक म्हणून तुम्ही दोन दिवस डोकं खाजवणार. ॲसिटोनने धुतलेला ओला फ्लास्क पण चालत नाही.

पायरी ७: खरंच घनच काम करतोय का

अर्धी रिॲक्शन झाली की गरमच गाळा, गाळलेलं सोल्युशन परत त्याच तापमानाला ढवळत ठेवा. टीएलसी थांबलं तर घन पावडरच काम करत होती. पुढे सरकलं तर काहीतरी विरघळून गेलंय, सोडियम नाही तर कॅल्शियम. गार करून गाळलं तर विरघळलेलं परत पावडरवर बसू शकतं, म्हणून गरमच. ही टेस्ट न करता रियूज पाच वेळा झाला असं लिहिलेलं मी मनावर घेत नाही.

रियूज करताना गरम इथेनॉलने धुवा, सुकवा, ४५० वर हवेत दोन तास, चिकटलेलं ऑर्गॅनिक जळून जातं, पिवळी पडलेली पावडर परत पांढरी होते. प्रत्येक वेळी वजन करा, गाळताना ५-१० टक्के हरवतंच, त्याप्रमाणे बाकीचं पण कमी घ्या, नाही तर तिसऱ्या वेळी कॅटलिस्ट मेला असं वाटतं आणि खरं तर तो फिल्टर पेपरवर राहिलेला असतो.

पायरी ८: जरा अवघड

हे जमलं की बेन्झाल्डिहाइड आणि ॲसिटोफिनोन, दोन्ही १० मिलिमोल, टोल्युईनमधे, कॅटलिस्ट पाव ग्राम, नायट्रोजनखाली रिफ्लक्स (वाफ थंड करून परत फ्लास्कमधे पाडत उकळणं), आणि डीन-स्टार्क नावाची पाणी वेगळं करणारी काचेची नळी लावा म्हणजे सुटणारं पाणी बाहेर निघतं आणि पावडरला त्रास देत नाही. चॅल्कोन फिकट पिवळा, ५५ ते ५७ अंशांना वितळतो, अंगाला लागला तर खाज येते. तास नाही, बरेच तास लागतात, घाई नको. सायनोॲसिटेटवर छान चाललेली पावडर इथे गप्प बसली तर पायरी ४ परत वाचा.

पायरी ९: जाईचा वास

शेवटी मजेचं. बेन्झाल्डिहाइड आणि हेप्टॅनाल, म्हणजे जास्मिनाल्डिहाइड, साबण आणि अगरबत्तीवाले वापरतात ते. हेप्टॅनाल एरंडेलापासून येतं. इथे दोघेही अल्डिहाइड आणि ढिला हायड्रोजन फक्त हेप्टॅनालकडे, त्यामुळे हेप्टॅनाल बेन्झाल्डिहाइडला सोडून स्वतःच्याच भावाला जाऊन मिळतं आणि २-पेंटिलनोनेनाल होतं, ज्याला खवट तेलाचा वास. युक्ती एकच, बेन्झाल्डिहाइड भरपूर, मोलमधे तीन ते पाच पट, १२० अंशांवर कॅटलिस्टसोबत आधी गरम करून ठेवायचं, नायट्रोजन चालू, आणि हेप्टॅनाल सिरिंजने थेंब थेंब दोन तासांत. हेप्टॅनाल फ्लास्कमधे कधीच जास्त साचता कामा नये. पोरांना आकडा वाढवायची घाई असते आणि सगळं एकदम ओततात, मग कन्व्हर्जन (किती माल खपला) ९८ आणि सिलेक्टिव्हिटीची (त्यातला हवा तो किती) बोंब. चुना वापरत असाल तर बेन्झाल्डिहाइड आपसातच बेन्झिल बेन्झोएट पण बनवतं, तेच खरजेवर लावायचं औषध, जीसीमधे शेवटी येणारा तो पीक बहुतेक तोच.

खऱ्या जाईच्या वासात मोठा वाटा बेन्झिल ॲसिटेटचा, तेव्हा जास्मिनाल्डिहाइड हे नाव जरा उसनंच आहे. म्हार्दोळला म्हालसेच्या देवळात जायांची पूजा असते तेव्हाचा तो वास डोक्यात ठेवून फ्लास्क हुंगलात तर निराशाच होणार, आणि फ्लास्क तसाही थेट हुंगायचा नसतो. इथेनॉलमधे हजारपट पातळ केलं, कागदाच्या पट्टीवर घेतलं आणि पाच मिनिटं थांबलं, की हळूच फुलासारखं काहीतरी येतं. घट्ट असताना नुसता तेलकट वास. माझ्या शर्टाच्या बाहीला एकदा दोन थेंब लागले होते, संध्याकाळी फोंड्याच्या बसमधे शेजारच्या काकूंनी दोन स्टॉपपर्यंत सहन केलं आणि मग विचारलं, "पुता, डोक्याला तेल कुठलं लावतोस रे?"